गिरणीवरचा सूर

आमच्या शेजारचे रंगनाथतात्या जेवताना आधी नुसती भाकरी खातात. मग नुसतं पिठलं, मग कांदा. तिथून परत फिरतात. कांदा, पिठलं, भाकरी. मी एकदा विचारलं, "तात्या, पोटात गेल्यावर सगळं एकच हुणार न्हवं?"

"सुटं सुटं घ्यायचं, आक्का. चढायचं, मग उतरायचं. एकदम न्हाय."

हे खूळ बेस गिटारीचं. बारामतीत कुणाचा तरी ऑर्केस्ट्रा मोडला, तिथून तात्यांनी ती जुनी गिटार आणली. चार तारा, त्याही मोटारीच्या केबलसारख्या जाड. गाणं असं तिच्यातून निघत नाही, नुसतं ढुं ढुं होतं. मोबाइलमधला मास्तर त्यांना शिकवतो. तीन-चार सूर एकत्र वाजवायचे नाहीत, एकामागून एक चढत जायचं आणि तसंच खाली यायचं. त्याला अर्पेजिओ म्हणतात. हे तात्यांनी इतक्यांदा सांगितलंय की मला झोपेतही सांगता येईल. त्यांना स्वतःला मात्र अजून जमत नाही. वर जाताना बोट घसरतं, मग "हात्तिच्या!" आणि पुन्हा पहिल्यापासून.

निमगाव केतकीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तात्यांची पिठाची गिरणी आहे. ती चालवायची त्यांची बायको, सुमन. सुमन गेली, गिरणी तात्यांच्या हातात आली आणि गिऱ्हाईक तुटलं. गिटारीच्या नादात त्यांनी समोरच्या शेवंताच्या गव्हावर दुसऱ्या कुणाची बाजरी ओतली. शेवंता कडाडली, "तात्या, ही काय भेळ हाय व्हय?"

"एकदम झालं खरं," तात्या म्हणाले.

बायकांनी घरघंट्या घेतल्या. तात्यांचा मुलगा बारामतीला नोकरीत आहे. तो येऊन सांगून गेला, "दळणच न्हाय तर गिरणी कशाला ठिवायची? दिवाळीला विकून टाकू. तुमी चला माझ्याकडं." तात्या 'व्हय' म्हणाले आणि ढुं ढुं करत बसले.

एका दुपारी गिरणी चालू होती आणि दारात एकही डबा नव्हता. जळका वास आला म्हणून मी आत गेले. दाण्याची पेटी रिकामी, दगड दगडावर घासतोय आणि तात्या पोत्यावर बसून तारा चाचपतायत. मी बटण बंद केलं.

"अक्कल हाय का? रिकामी गिरणी फिरवताय! दगड जाईल की."

"बंद करू नका, आक्का. सापडत आलं हुतं."

"काय?"

"सुमन दळताना गुणगुणायची. तुमी ऐकलंय की."

ऐकलं होतं. त्याला शब्द नसायचे. गिरणीच्या घरघरीला धरून नुसतं हूं हूं चालायचं.

तात्यांनी जाड तार छेडली. "गिरणीचा सूर ह्यो, पहिला. तिचा ह्याच्या वरचा कुठला तरी. चढता चढता लागतोय का बघतो. गिरणी बंद असली की मला तिचा आवाज आठवतच न्हाय. तुमी तर रोज हितं यायचा. सांगा, ह्यो का ह्यो?"

त्यांनी दोन सूर वाजवले. मला दोन्ही सारखेच वाटले.

"मी चौथी शिकले, तात्या. त्यात सूर न्हवते."

ते हसले नाहीत. "दिवाळीला गिरणी गेली की संपलंच मग," एवढंच म्हणाले. बोटांची सालटी निघाली होती, त्यात पीठ भरलं होतं.

घरी माझा पिठाचा डबा भरलेला होता. तरी दुसऱ्या दिवशी मी थोडी ज्वारी पिशवीत घातली आणि गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवंतालाही म्हटलं, घरघंटी राहू दे, दळण तात्यांकडं टाक. ती तोंड वाकडं करून आली.

असं काही दिवस चाललं. मग तात्यांनी माझी पिशवी हातात तोलून बघितली. "एवढंसंच? महिन्याचं एकदम का आणत न्हाय, आक्का?"

"सुटं सुटं घ्यायचं," मी म्हणाले. "दगडाकडं बघा तुमी."

त्यांनी दाणे ओतले, गिरणी सुरू केली, गिटार मांडीवर घेतली. तात्या एकेक सूर चढत गेले आणि मध्येच एका सुरावर थांबले. उतरले नाहीत. दळण संपेपर्यंत तोच सूर धरून बसले. सुमनचा तोच होता की नाही, मला सांगता येणार नाही.

पीठ जाडंभरडं आलं. मी ते तसंच पिशवीत भरलं आणि उद्याची ज्वारी काढायला घरी गेले.