सुपारी सोलण्याचा प्रयोग

सखुबाई सकाळी श्रीवर्धनच्या विश्वंभर मास्तरांच्या वाडीत कामाला आली, तेव्हा तिच्या पाटावर एक गोरी बाई बसली होती. पुढ्यात असोल्या सुपाऱ्यांचा ढीग होता आणि ती पात्यावर एकेक सुपारी सोलत होती. सोलत कसली, सुपारीशी भांडतच होती.

"ह्या कोन?" सखुबाईने विचारलं.

"एल्का. कलाकार आहेत, पोलंडहून आल्यात, पंधरा दिवस आपल्याकडे राहतील," मास्तर म्हणाले. "आज तुम्हाला सुट्टी. चार वाजेपर्यंत त्या न बोलता सुपारी सोलणार. मुंबईहून कॉलेजची मुलं येतायत बघायला."

"सुपारी सोलताना बघायला? मुंबईहून?"

"ते काम नाही हो. कला आहे."

"मंग मी बावीस वर्षं काय करत व्हते?"

मास्तरांची पस्तीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेली होती, पण ह्या प्रश्नावर ते मुलांसाठी फाटक उघडायला निघाले. सखुबाई घरी गेली नाही. आपली जागा गेली की राहिली, हे कळल्याशिवाय तिचा पाय निघेना. खांबाला टेकून ती बघत राहिली. एल्काच्या हातून सुपारी निसटली की इकडे हिचे हात शिवशिवत.

साडेदहाला पातं एल्काच्या अंगठ्यात घुसलं. डोळ्यांत पाणी आलं, पण मौन मोडायचं नव्हतं, म्हणून तोंडातून आवाज नाही. मास्तरांच्या पत्नी सुचित्राबाई हळद घेऊन धावल्या, तर एल्काने मानेनेच 'नको' म्हटलं आणि रक्ताळल्या हाताने पुढची सुपारी उचलली.

"वहिनी, आना ती हळद हिकडं," सखुबाई उठली. "ए बाय, पुरे हट्ट!"

तिने जखमेत हळद दाबली, चिंधी बांधली, एल्काला दंडाला धरून बाजूला बसवलं आणि स्वतः पाटावर बसली.

तेवढ्यात फाटकातून मुंबईची बारा मुलं आत आली. एल्काने गावातल्या बाईला मध्ये बसवलंय आणि स्वतः जखमी होऊन शेजारी बसलीय, तेव्हा प्रयोग हाच, असं त्यांनी धरलं आणि सगळी मुलं अंगणातच मांडी घालून बसली. मास्तर खुलासा करायला पुढे झाले. एल्काने ओठांवर बोट ठेवलं.

सखुबाईचा हात सुरू झाला. साल इकडे, सुपारी तिकडे. थोड्या वेळाने रुचिका नावाची मुलगी डोळे पुसू लागली.

"वहिनी," सखुबाई हळूच म्हणाली, "कोन गेलं काय?"

"कुणी नाही हो. तुम्हाला बघतायत."

"मला?"

तिने पदर सारखा केला. हात अडखळला, मग पहिल्यापेक्षा जोरात चालू लागला.

चार वाजता टाळ्यांचा कडकडाट झाला.

"कुठे शिकलात हे?" रुचिकाने विचारलं.

"सासूकडं. लय मारायची."

मुलांनी तेही लिहून घेतलं. मग एल्का दिवसभरातलं पहिलं वाक्य बोलली आणि रुचिकाने ते मराठीत सांगितलं, "प्रयोग माझा नव्हता, नाव ह्यांचं लिहा, म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी सखुबाई नेहमीच्या वेळी पाटावर बसली. सुचित्राबाई चहाचा कप पायरीवर ठेवून आत वळल्या.

"वहिनी, लय काम न्हाय ना आत?"

"नाही. का हो?"

सखुबाई खाली बघतच म्हणाली, "मंग बसा की जरा समोर."

सुचित्राबाई बसल्या.