विझायच्या आत

मुलीच्या साखरपुड्यातून परब पळाले तेव्हा अंगठ्यांचं तबक त्यांच्या हातातच होतं. फोन वाजला, त्यांनी बघितलं आणि "विझतंय, विझतंय!" असं ओरडत ते लिफ्टकडे धावले. व्याही घाबरून मला विचारायला लागले, कुठे आग लागलीय?

शेजारी म्हणून समजावणं माझ्याकडे आलं. परब खगोलशास्त्रज्ञ. लांब कुठेतरी प्रचंड तारा कोसळतो, गॅमा किरणांचा स्फोट होतो, त्याची सूचना परबांच्या फोनवर येते आणि मागे उरलेला प्रकाश तासातासाला मंदावत जातो. तो विझायच्या आत परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवरून त्याचा वर्णपट घ्यायचा. त्या रंगांच्या पट्ट्यातल्या काळ्या रेघा वाचल्या की स्फोट किती दूरचा ते कळतं. परब हे सगळं मुलुंडच्या बेडरूममधून, कॉम्प्युटरसमोर बनियनवर बसून करत.

"पण अंगठ्या?" व्याह्यांनी विचारलं.

"वर्णपट आला की अंगठ्या येतील," परबांच्या पत्नी शालिनीवहिनी म्हणाल्या. "तोवर जेवून घ्या."

पुढे वहिनींना कॅन्सर झाला. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. परब पेज भरवत, कूस बदलून देत. पण फोन कायम खिशात. सोसायटीत कुजबुज सुरू झाली. बायको मरायला टेकली तरी याचं लक्ष आकाशात! मलाही रागच यायचा.

एका दुपारी मी तिथे असतानाच फोन वाजला. परबांचा चेहरा उजळला. इतका तेजस्वी स्फोट त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"जा ना," वहिनी पुटपुटल्या. "विझेल ते."

परबांनी फोन बंद केला आणि वहिनींचा हात हातात घेतला. "दुसरे घेतील."

"जन्मभर पळालात. आणि आता बसताय होय?"

"हो. बसतोय."

वहिनींनी रागाने तोंड फिरवलं. हात मात्र सोडवून घेतला नाही. संध्याकाळी त्या गेल्या. वर्णपट दुसऱ्या देशातल्या लोकांनी घेतला.

काही महिन्यांनी गेलो तर परब स्क्रीनवर एक पुसटसा डाग बघत होते. त्या दुपारी फुटलेला तारा ज्या दीर्घिकेत होता, म्हणजे ताऱ्यांच्या ज्या अफाट वस्तीत, ती ही. प्रकाश विझल्यावरच तिचा अभ्यास नीट करता येतो, म्हणाले.

"काय दिसतंय?"

"विशेष काही नाही रे."

मी उठलो. इतक्या वर्षांत परबांनी मला कधी थांबवलं नव्हतं.

"घाईत आहेस का?" त्यांनी विचारलं. "ती होती तेव्हा बोलायला बाहेरचं कुणी लागायचं नाही."

मी पुन्हा बसलो.