किंबर्लीत उजाडू दे

दुधाचा रिकामा खोका धुवायचा, कापून सपाट करायचा, वाळवायचा, मगच कचऱ्यात द्यायचा, असा इथे जपानातल्या उरायासूत नेम आहे. त्या संध्याकाळी बायकोनं खोका धरला, मी कात्री चालवली.

"सरळ कापा हो," ती म्हणाली. "किंबर्लीत आज विजा कडाडणार आहेत."

खोक्याचा आणि विजांचा संबंध विचारायचं मी केव्हाच सोडलं होतं.

किंबर्ली हे दक्षिण आफ्रिकेतलं गाव. आमची मीना तिथे दिली आहे. मुलगा संजय बँकेच्या नोकरीपायी जपानात, आणि आम्ही त्याच्याकडे. इथे आल्यावर हिचं हृदय बिघडलं, डॉक्टर विमानात बसू देईनात. मग हिनं किंबर्ली घरीच आणलं.

हिचं शिक्षण चौथी. संजयला मोबाइलवरून वाचायला लावून गाव पाठ केलं. तिथे म्हणे हिऱ्यांसाठी माणसांनी कुदळ-फावड्यानं केवढा तरी खड्डा खणला, आता त्यात पाणी भरलंय. मी जन्मभर विहिरी खणल्या. म्हणालो, "पाणी लागलं ना? मग हिऱ्यांचं काय घेऊन बसलीस?" झाला अबोला.

गोऱ्यांच्या आपसातल्या लढाईत गावाला वेढा पडला, लोकांनी घोडे मारून खाल्ले, हे ऐकलं आणि हिच्या घशाखाली घास उतरेना.

"पोरगी जेवली असेल ना?"

"अगं, वेढा उठून शंभर वर्षं झाली."

"तुम्हाला काय, तुम्ही बाप."

मीना अबोल, माझ्यावर गेलेली. "बरी आहे" म्हणून फोन ठेवायला बघायची. मग ही खड्ड्याचं विचारायची, वेढ्याचं विचारायची. "आई, मी इथे राहते तरी मला ठाऊक नाही," म्हणत पोरगी हसायची, आणि फोन लांबायचा. एवढ्यासाठी सगळा अभ्यास.

एक मात्र कडक. इथे दुपार कलते तेव्हा तिथे उजाडतं. त्याआधी फोन लावायचा नाही. "झोपू द्या पोरीला."

खोका कापला त्याच रात्री ती झोपेतच गेली. सकाळी डॉक्टर बघून गेले. संजय डोळे पुसत मोबाइल घेऊन उभा राहिला. "ताईला कळवतो."

मी मोबाइल काढून घेतला. "थांब. किंबर्लीत उजाडू दे."

खोका वाळला होता, तो पिशवीत भरला. बसून राहिलो. ऊन भिंतीवर सरकलं तेव्हा फोन मीच लावला. कधी लावत नसे.

"बाबा? आई कुठंय?"

"आधी सांग," म्हणालो, "ऊन आलं का तिकडे?"