बाभूळसांगवी-वडजांब संयुक्त यजमानपद

मोकळी जागा माणसाला फार दिवस बघवत नाही, आणि संस्कृतीची सगळी प्रगती या एका अस्वस्थतेतून झालेली आहे. रान दिसलं तिथे माणसाने शेत केलं, शेत दिसलं तिथे प्लॉट पाडले, आणि प्लॉट पाडायला शेत उरलं नाही तेव्हा त्याची नजर शाळेच्या मैदानाकडे गेली. औसा तालुक्यातल्या बाभूळसांगवीत ही नजर दोन हजार तेवीस साली गेली. एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट झालं, तेच ते वर्ष. त्याच वर्षी बाभूळसांगवी हे राष्ट्र झालं.

राष्ट्रं एरवी युद्धातून किंवा तहातून जन्माला येतात. हे राष्ट्र एका ऑनलाइन अर्जातून जन्मलं. कळा चाळीस मिनिटं चालल्या. त्यातली पंचवीस मिनिटं वीज नव्हती.

आधी मैदानाविषयी थोडं सांगायला हवं. बहात्तरच्या दुष्काळापर्यंत तिथे नुसता खडकाळ माळ होता. दुष्काळी कामावर गावाने तो सपाट केला. ज्यांच्या अर्जातून हे राष्ट्र झालं त्या महामायाबाईंची आई सरजाबाई तिथे सात महिने खडी फोडत होती, आणि तिच्या शेजारी गावातल्या सगळ्या आळ्यांच्या बाया बसत होत्या. प्यायच्या पाण्याचा रांजण एकच होता. (एरवी गावाला दोन रांजण लागत. दुष्काळात काटकसर करावी लागते.) महामायाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या, नांदेडला शिक्षिकेचं शिक्षण घेत होत्या. सुट्टीत गावी आल्या की आईच्या बोटांना तेल लावून देत. पुढे याच गावच्या शाळेत त्या बाई झाल्या.

त्र्याऐंशी साली शाळेने जिल्ह्याकडे व्हॉलीबॉल मागितला आणि फुटबॉल आला. परत पाठवायचा तर तीन प्रतींत अर्ज करावा लागणार होता. बाईंनी हिशेब केला, अर्ज करण्यापेक्षा खेळ शिकणं सोपं. तेव्हापासून बाभूळसांगवीच्या मुली फुटबॉल खेळतात. बाई दोन हजार अकरा साली निवृत्त झाल्या, पण शिट्टी निवृत्त झाली नाही. तेवीस साली त्यांच्याकडे चौदा मुली होत्या. त्यांची नात बुद्धप्रिया गोलरक्षक होती, आणि डिसेंबरात नांदेडला निवड चाचणी होती. निवड झाली तर सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा, शिक्षण, दोन वेळचं जेवण. न झाली तर मामाच्या ओळखीतलं एक स्थळ होतं.

अशा वेळी, जून महिन्यात, मैदानावर बावीस गाळ्यांचं व्यापारी संकुल बांधायचा ठराव झाला. सरपंच हणमंतराव हा बाईंचाच विद्यार्थी. (तिसरीत दोन वर्षं.) तो स्वतः सांगायला आला, हे त्याच्या संस्कारांना धरूनच होतं.

"बाई, पोरी लई दिवस खेळल्या. आता गावाचा विकास व्हायलाय."

"गावात आत्ता दुकानं किती हायत, हणमंता?"

"एकोणीस."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते बी येतेत की. आधी गाळे, मग गिऱ्हाईक. लातुरात असंच व्हायलंय."

"पोरींनी कुठं खेळायचं?"

"तुमच्या शब्दाबाहेर हाव का मी? गच्चीवर जागा सोडलीय. मोबाईलच्या टॉवरपाशी."

बाई दुसऱ्या दिवशी औशाला विरूपाक्षांकडे गेल्या. विरूपाक्ष म्हणजे तहसील कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ. आता ते बसस्थानकासमोर ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं सेवा केंद्र चालवतात. त्यांनी बाईंचा विरोधाचा अर्ज वाचला, शुद्धलेखनाचं कौतुक केलं आणि परत दिला.

"विरोधाचा अर्ज देऊ नका बाई. त्याला उत्तर देतेत, आणि उत्तर दिलं की काम सुरू होतंय. जागा वाचवायची तर तिच्यावर मोठ्ठा प्रस्ताव टाका. मोठा प्रस्ताव विचाराधीन असला की बारक्याला कोणी हात लावत न्हाई."

"किती मोठा?"

"आमदार, मंत्री चालायचे न्हाईत. ते उद्या हणमंतरावाकडं जेवायला बसले की मिटून जातंय. ज्याला हणमंतराव जेवायला बोलवू शकत न्हाई असा माणूस पाहिजे."

असा माणूस लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत नव्हता. म्हणून त्यांना परदेशात शोधावं लागलं, आणि आंतरराष्ट्रीय पादकंदुक परिषद सापडली. (पादकंदुक म्हणजे फुटबॉल. तो खेळायचा नसेल तेव्हा त्याला असं म्हणतात.) एका थंड देशातली ही संस्था एक लाखाहून कमी वस्तीच्या देशांसाठी लघुराष्ट्र चषक भरवते, आणि त्याच्या यजमानपदासाठी अर्ज मागवलेले होते.

पहिलाच रकाना होता राष्ट्राच्या नावाचा, आणि त्यापुढे लाल चांदणी होती. दुसऱ्या कुठल्या प्रांतात माणूस इथे थांबला असता. पण चांदणीचा रकाना रिकामा सोडायचा नाही, हे विरूपाक्षांचं व्रत होतं. शेळीच्या विम्याच्या अर्जात लाभार्थीचा व्यवसाय विचारला होता, तिथे त्यांनी शेळीपुढे 'गृहिणी' असं लिहिलं होतं, आणि विमा मंजूर झाला होता. त्यांनी राष्ट्र म्हणून बाभूळसांगवी लिहिलं.

"विरूपाक्ष, हे देशद्रोहात बसतंय का?" बाईंनी विचारलं.

"आपण भारत कुठं सोडायलोत बाई? रकाना भरायलोत."

पुढचे रकाने असे भरले गेले. लोकसंख्या: २,३१४ (यात्रेत ९,०००). राजधानी: बसथांबा. सैन्य: होमगार्ड एक, सध्या रजेवर. पाणीपुरवठा: गरज पडल्यास रेल्वेने (अनुभव आहे). विमानतळ: नांदेड (परदेशात). प्रेक्षकांची सोय: बसून तीनशे, उभ्याने सातशे, पाण्याच्या टाकीवर चाळीस. परिषदेच्या घटनेत राष्ट्राची व्याख्या दिलेली नव्हती, त्यामुळे अर्ज भरील ते राष्ट्र, असा अर्थ संगणकाने घेतला आणि अर्ज पुढे सरकला. अडला तो फक्त प्रेक्षकांपाशी. किमान पाच हजारांची सोय हवी होती. नसल्यास दुसऱ्या राष्ट्राबरोबर संयुक्त अर्ज करावा, असं लाल अक्षरात आलं.

बाईंना एकच परराष्ट्र माहीत होतं. मुखेडच्या पलीकडे वडजांबला त्यांची कॉलेजातली मैत्रीण चंद्रप्रभा राहत होती. तीही निवृत्त शिक्षिका. बाईंनी तिथूनच फोन लावला.

"चंदे, तुझ्या गावाला राष्ट्र करू का?"

"कर की. नगरपंचायत करतो, नगरपंचायत करतो म्हणून दहा वर्षं झुलवलंय मेल्यांनी. मला काय करावं लागेल?"

"तू परराष्ट्रमंत्री."

"अगं, मला साखर आहे. एवढा प्रवास झेपायचा नाही."

"निम्मं तिकीट आहे."

"मग झेपेल."

अशा रीतीने दोन राष्ट्रांत मैत्रीचा करार झाला. भूगोलाची एक अडचण नमूद केली पाहिजे. या दोन राष्ट्रांच्या मध्ये भारत नावाचा तिसरा देश लागतो, आणि तो ओलांडताना गाडी बदलावी लागते.

स्पर्धेत आणखी दोन अर्ज होते, दोन्ही बेटांचे. एका बेटाने नद्यांचा रकाना रिकामा ठेवला आणि दुसऱ्याने सैन्याचा. दोघेही बाद झाले. प्रामाणिकपणाने राष्ट्रांचं किती नुकसान होतं, याचं हे उदाहरण शाळांतून शिकवायला हरकत नाही.

ऑगस्टमध्ये परिषदेची पोच आली, विरूपाक्षांनी ती तहसील कचेरीत दिली आणि मैदानाच्या कागदावर 'विचाराधीन' असा शिक्का पडला. गाळे थांबले. हणमंतराव चार दिवस बाईंशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याला कोणीतरी सांगितलं की चषकासोबतच्या फोटोत यजमान देशाचा राष्ट्राध्यक्ष मधोमध उभा राहतो. सहाव्या दिवशी गावच्या कमानीवर त्याचा फ्लेक्स लागला. त्यावर राष्ट्राध्यक्ष हणमंतराव होते, खाली मंत्रिमंडळाचे त्रेचाळीस फोटो होते, आणि कोपऱ्यात एक फुटबॉलही होता.

ऑक्टोबरात एका मंगळवारी परिषदेचे दोन निरीक्षक आले, एक उंच साहेब आणि एक मॅडम. बाईंची इच्छा साधी होती. त्यांनी मुलींचा वीस मिनिटं खेळ पाहावा. पाहिलं की मैदान कशासाठी असतं ते कळेल, आणि मग बाकीचं सोपं होईल. चौदा मुली सकाळी सातपासून बूट बांधून उभ्या होत्या. पण पाहुण्याचा सत्कार करण्याआधी त्याला काही दाखवणं आपल्याकडे उद्धटपणाचं समजलं जातं. म्हणून नऊ वाजता सत्कार सुरू झाले. आधी पाहुण्यांचे झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे, मग ज्यांचं नाव चुकून राहिलं होतं त्यांचे. शेवटी, ज्यांना राग आला होता त्यांची समजूत म्हणून त्यांचे. एकूण त्रेसष्ट. साहेबांच्या अंगावर सव्वीस शाली चढल्या होत्या आणि सावलीत अडतीस अंश होते.

"आजी, आमचा नंबर कधी?" बुद्धप्रियाने मंडपाच्या कडेने येऊन विचारलं.

"सत्कार संपले की."

"संपतेत का?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजता पाहुण्यांना वडजांबला निघायचं होतं. मैदान मंडपाच्या अगदी मागेच होतं, पण मागे पाहायला मान वळवावी लागते आणि शालींमुळे मान वळत नव्हती.

पाहुणे साडेचारला वडजांबला पोचले. तिथल्या मैदानावर मंगळवारचा आठवडी बाजार भरतो, ही गोष्ट अर्जात सांगायची राहून गेली होती, कारण तसा रकाना नव्हता. निरीक्षकांना दिसलं ते हे: आठवड्याच्या मधल्या वारी, सामना नसताना, मैदानावर सहा हजार माणसं जमली आहेत आणि जीव तोडून ओरडत आहेत. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. (बाजूला मिरच्यांचं पोतं होतं.) चंद्रप्रभाबाई त्यांना म्हणाल्या, "हे तर काहीच नाही. दिवाळीच्या आधी या." तेही अहवालात गेलं.

अहवालात प्रेक्षकांना दहापैकी दहा गुण मिळाले, जनतेच्या उत्साहाला दहा आणि वस्त्रोद्योगाला दहा. मैदानापुढे लिहिलं होतं: पाहिलं नाही; राष्ट्राध्यक्षांच्या म्हणण्यानुसार उत्तम.

नोव्हेंबरात निकाल आला. दोन हजार एकतीसच्या लघुराष्ट्र चषकाचं संयुक्त यजमानपद बाभूळसांगवी आणि वडजांब यांना मिळालं. गाळे कायमचे रद्द झाले. गावाने फटाके उडवले, हणमंतरावाने बाईंच्या पाया पडून पेढा दिला, आणि त्याच संध्याकाळी निकालासोबत आलेल्या आदेशाची अंमलबजावणी केली. आदेशाची अकरा कलमं होती. तिसरं कलम असं: स्पर्धा होईपर्यंत सदर मैदानावर कोणीही खेळू नये. मैदानाला तारेचं कुंपण पडलं, फाटकाला कुलूप लागलं. चाचणीला एकोणीस दिवस उरले होते.

"बाई, मैदान वाचलं का न्हाई? मग?" हणमंतराव म्हणाला.

"वाचलं रे. पोरींपासून सुद्धा वाचलं."

त्या रात्री बाईंनी आदेश मागून घेतला आणि दोन दिवस वाचला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जेवढी पुस्तकं वाचली नव्हती तेवढी परिपत्रकं वाचली होती, आणि त्यांचा अनुभव होता की ज्याने मनाई लिहिली तो दमून पुढे काहीतरी चांगलं लिहून जातो. तिसऱ्या दिवशी त्या राष्ट्राध्यक्षांच्या ओसरीवर जाऊन उभ्या राहिल्या.

"हणमंता, नववं कलम वाच."

हणमंतरावाने मोठ्याने वाचलं. "मैदान खेळण्यायोग्य असल्याची स्थानिक तपासणी पथकाने दररोज खात्री करावी व नोंद ठेवावी."

"तुझं पथक कुठंय?"

"न्हाई अजून."

"मैदान खेळण्यायोग्य आहे का, हे न खेळता कसं कळतंय?"

हणमंतराव तिसरीतल्यासारखा खाली पाहत राहिला.  मग तो आत गेला आणि किल्ली घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला चौदा जणींच्या अधिकृत पथकाने तपासणी सुरू केली, सात एका बाजूने, सात दुसऱ्या. नोंदवही आजही पाहता येते. "तपासणी केली. मैदान खेळण्यायोग्य आढळले. ३-२." "उत्तरेकडील गोल विशेष योग्य आढळला. ०-४." "अवकाळी पावसाचा चिखल. तरीही योग्य. एका निरीक्षकाचा गुडघा फुटला."

यानंतर कोणाचं काय झालं, ते थोडक्यात.

बुद्धप्रियाची निवड झाली. मामाचं स्थळ दुसरीकडे गेलं. वसतिगृहातून ती लिहिते की तिथलं मैदान हिरवंगार आहे, उद्घाटन राहिल्यामुळे बंद आहे, आणि आजी, तुमच्या त्या कलमाची एक प्रत पाठवा. हणमंतराव पुढची निवडणूक हरला, पण राष्ट्राध्यक्ष अजून आहे, कारण त्या पदावरून काढायची पद्धत कोणालाच माहीत नाही. चंद्रप्रभाबाईंची साखर आटोक्यात आली. महिन्यातून एकदा त्या दोन डबे लाडू घेऊन राजनैतिक दौऱ्यावर येतात. उंच साहेबांनी परिषद सोडली. त्यांच्या थंड देशात त्यांचं शालींचं दुकान बरं चालतं, असं कळतं. विरूपाक्ष आठवड्याला दोन-तीन राष्ट्रं भरून देतात. हिमायतनगरपर्यंत एकेचाळीस मैदानं आता विचाराधीन आहेत, आणि त्यांपैकी नववं कलम वाचलेलं एकच आहे. महामायाबाई एकाहत्तर वर्षांच्या झाल्या. फाटकाची किल्ली त्यांच्या कमरेला असते.

एक काम तेवढं राहिलं आहे. परिषदेला तिसरं सहयजमान राष्ट्र हवं आहे. वाचकांनी आपापल्या घरामागच्या मैदानाची माहिती कळवावी, असा बाईंचा निरोप आहे: लांबी, रुंदी, आणि शेवटचं मूल तिथे कोणत्या तारखेला खेळलं ते. तारीख आठवत नसेल तर तिथे उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या खरेदीची पावती काढून पाहावी. बहुतेक तीच निघते.