दामलेकाकांची ओळखीची मासळी

दामलेकाका माणसांशी बोलताना मास्क हनुवटीवर ठेवायचे आणि माशाशी बोलताना नाकावर ओढायचे. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओवीला उचललं आणि दोन झाडं मागे सरकले, कारण एक तर परका देश, त्यात कोरोना, त्यात गळाला लागलेला मासा दोन्ही हातांत धरून त्याला मराठीत "नमस्कार, बऱ्या आहात ना?" विचारणारा म्हातारा. घाबरायला एवढं पुष्कळ होतं. आणि मला तर एवढंही लागत नाही.

मी कुत्र्याला घाबरते, सायकलवाल्यांना घाबरते, दाराची बेल वाजली तरी घाबरते. शाळा नववीपर्यंत, तीही कशीबशी, आणि लग्न होऊन आले ती थेट टिलबर्गला, डच लोकांच्या देशात. त्यात नवऱ्याचं ऑफिस उठून आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं. मीटिंग सुरू झाली की तो कानात यंत्र घालून दोन बोटं वर करायचा, म्हणजे तुम्ही दोघी आता बाहेर. ओवी तीन वर्षांची, ती काही गप्प बसत नाही. मग जायचं कुठे, तर जिथे माणूस नाही तिथे.

आमच्या बिल्डिंगीमागे लेय नावाची नदी आहे. नदी आपली म्हणायची, आमच्या रेवदंड्याकडचा ओढासुद्धा हिच्याहून रुंद असेल. गळ टाकणारे सगळे मोठ्या कालव्यावर जातात. हिच्याकडे कुत्री फिरवणारेही वळून बघत नाहीत. तिथे मी दोन मास्क लावून जायचे, आणि तिथे हे काका.

काका मूळचे मिरजेचे. इथे येऊन चाळीस वर्षं झाली, पण मराठी चाळीस वर्षांपूर्वीचंच, बरणीत मुरवून ठेवल्यासारखं. मला 'ओवीच्या आई' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. माझ्या सख्ख्या सासऱ्यांनी कधी केलं नाही. मी जवळ आले की गळाची काठी आडवी धरायचे, "ओवीच्या आई, काठीच्या पलीकडे." सरकारचं अंतर दीड मीटर आणि काकांची काठी दोन मीटरच्या वर. जास्तीचं काय, विचारलं तर म्हणाले, "वरचं माझ्यातर्फे."

रोज सकाळी सगळे गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात, काका मला नदीचं पाणी किती गार आहे ते पाठवायचे. मी आपला अंगठा पाठवायचे. दुसरं काय पाठवणार?

त्या नदीत बार्स नावाचा मासा मिळतो. हिरवट अंग, त्यावर काळे पट्टे, पोटाचे पर लाल, पाठीवर काटे उभे. लागला की काका आधी हात पाण्यात ओले करायचे, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचं बुळबुळीत निघतं आणि मग तो आजारी पडतो म्हणे. मग मास्क वर. मग नमस्कार. मग पाठीवरचा पर बोटानं हळूच पंख्यासारखा उघडून बघायचे, "ही नव्हे" म्हणायचे आणि सोडून द्यायचे. दिवसाला चार मिळोत नाहीतर सहा, सगळ्यांना ही नव्हे, ही नव्हे. ओवीनं ते इतकं उचललं की घास पुढे केला की ती भातालासुद्धा "ही नव्हे" म्हणायला लागली.

मग कुठली हवीय, मी विचारलं. "आहे एक ओळखीची," एवढंच म्हणाले.

आता माझ्या जिवाचं बघा. मी कोळ्याची पोर. आई बाजारात म्हावरं विकते, मी सात वर्षांची असल्यापासून साफ करते. इथे दुकानात मासा मिळतो तो पुठ्ठ्याच्या खोक्यात, बिनडोक्याचा, चौकोनी. आणि हा माणूस माझ्यासमोर रोज जिवंत म्हावरं पाण्यात टाकतो. एकदा न राहवून म्हटलं, काका, एक ठेवा, दोन मिनिटांत साफ करून देते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी ओवीच साफ करायला मागितली.

"मी शाकाहारी आहे."

"मग धरता कशाला?"

"भेटायला. भेट झाली, पुरे."

त्यांच्या थर्मासमध्ये कॉफी असायची आणि कप दोन. एक स्वतःला भरायचे, दुसरा बाकाच्या पलीकडच्या टोकाला ठेवायचे. मला वाटायचं माझ्यासाठी. पण मी कशी पिणार, परक्या घरचा कप, तोंडाला लावायचा, त्या दिवसांत? मी ओवीच्या बुटाची नाडी बांधत बसायचे, बूट पुसत बसायचे. जाताना काका ती गार झालेली कॉफी गवतावर ओतायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग सप्टेंबरात एक दिवस त्यांना खोकला लागला. गळाला मासा लागलेला, काठी वाकलेली, आणि खोकला थांबेना. त्यांनी काठी गवतावर ठेवली आणि मागे, मागे, पार रस्त्यापर्यंत गेले. तिथून म्हणाले, "ओवीच्या आई, तुमचा हात सराईत आहे. गळ काढा आणि सोडून द्या. जवळ येऊ नका." आणि गेले. मासा बघितलासुद्धा नाही.

मी ओढला. केवढा होता, माझ्या कोपरापर्यंत. गळ काढला, सोडायला वाकले, आणि खोटं कशाला सांगू, नाही सोडला. काकांच्याच बादलीत पाणी भरलं, वर ओवीचं जाकीट टाकलं आणि घरी नेला. वाटेत प्रत्येक सायकलवाला मला पोलीस वाटत होता.

घरी खोबरं, कोथिंबीर वाटून झाली. नवरा मीटिंगमध्ये. मासा सिंकमध्ये घेतला, आधी पर कापायचे म्हणून कात्री घेतली आणि बोटानं पाठीचा पर उघडला. मधले दोन काटे नव्हतेच. अर्ध्या चंद्रासारखी खाच. एवढ्या दिवसांत तशी एकीचीही बघितली नव्हती.

ओवी स्टुलावर उभी होती. म्हणाली, "ही नव्हे?"

गुपचूप सोडून आले असते तर कुणाला कळलं नसतं. पण मग काका जन्मभर शोधत बसले असते. आणि जन्मभर म्हणजे तरी किती? तेव्हा खोकत घरी गेलेली माणसं सगळी परत दिसायची नाहीत. मी मासा बादलीत सोडला आणि ओल्या हातानं व्हिडिओ कॉल लावला.

काका पलंगावर होते, डोळे आत गेलेले. मी फोन बादलीवर धरला आणि पर उघडून दाखवला.

त्यांनी उशाजवळ चाचपून मास्क शोधला आणि, फोनमध्ये असूनही, नाकावर ओढला.

"हीच," म्हणाले. "आनेकेनं धरलेली शेवटची. तिनंच सोडली. मग दवाखान्यात गेली ती..."

आनेके त्यांची बायको. कोरोनाच्या आदल्या वर्षी गेलेली, एवढं मला माहीत होतं. मग ते माशाशी डचमध्ये बोलले, हळू, रोजचं बोलतात तसं. माझं डच म्हणजे पंधरा शब्द, पण त्यातले दोन मला कळले. कॉफी, आणि गार.

मला म्हणाले, "मागे वाटण दिसतंय, ओवीच्या आई."

मी रडायलाच लागले.

"रंग छान आलाय. बटाट्याला लावा. आणि हिला घरी पोचवून या."

मी एका हातात बादली, एका हातात ओवी, अशी सायकलच्या रस्त्याच्या मधून पळाले. लोक घंटा वाजवत होते, वाजवू दे. हात ओले केले, मास्क वर ओढला, नमस्कार केला. ती क्षणभर माझ्या तळव्यावर थांबली आणि गेली.

तीन आठवडे सकाळचा मेसेज आला नाही. मग एके दिवशी आला, 'पाणी बारा अंश.' मी ओवीला बूटसुद्धा उलटे घातले.

काका वाळले होते. काठी आडवी धरली, मी पलीकडे थांबले. थर्मास उघडला, दोन कप भरले, दुसरा नेहमीसारखा बाकाच्या टोकाला ठेवला. मी नजर खाली घातली, आता मला माहीत होतं ना तो कोणाचा. मग काकांनी काठीच्या टोकानं तो कप हळूहळू, न सांडता, माझ्याकडे सरकवला.

"घ्या," म्हणाले. "गार होतेय."

मी दोन्ही मास्क खाली केले आणि प्यायले. साखर नव्हती.