सासूबाईंनी गाडी काढली

वाळवंटात मुक्कामाला जायचं तर चारही चाकं ओढणारी गाडी लागते, असं लोक सांगतात. लोकांना सांगायला काय जातं! माझं म्हणणं एवढंच, की गाडी दोन चाकं ओढतात, उरलेलं डोकं ओढतं. त्या मार्चमध्ये हे वाक्य मी ऑफिसात किमान अकरा जणांना ऐकवलं होतं.

आमची गाडी म्हणजे छोटी लाल हॅचबॅक, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. पण मीही अरिझोनात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. बायको जोलीन आणि तिची आई मॅव्हिस यांना घेऊन मी निघालो. सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण झाली होती आणि वाळवंटातली पिवळी फुलं त्यांना एकदा तंबूच्या दारात बसून बघायची होती. सासरे ऑर्विल दर वर्षी 'पुढच्या वर्षी जाऊ' म्हणायचे आणि तसंच म्हणत म्हणत गेले.

जागा सरकारी, मोकळी. नळ नाही, संडास नाही, विचारणारं कोणी नाही. डांबरी रस्ता सोडून सहा मैल आत आल्यावर एका टणक जागेवर जुनाट पांढरी व्हॅन उभी दिसली.

"इथेच थांबू या की," जोलीन म्हणाली.

"शेजार नको म्हणून तर एवढ्या लांब आलो," असं म्हणून मी गाडी उजवीकडे वळवली. समोर पांढरी, सपाट वाळू, अगदी इस्त्री केल्यासारखी. पन्नास फुटांवर गाडी जी बसली ती म्हैस डबक्यात बसावी तशी.

मी जोर दिला, ती आणखी बसली. मग डोकं वापरलं. चारही चाकांतली अर्धी हवा सोडली आणि पुढच्या चाकांखाली पायपुसणी सरकवली. चाक फिरलं, पायपुसणं मागे उडालं आणि थेट एका काटेरी निवडुंगावर जाऊन बसलं. ते काढायला मी वाकलो. माझ्या मागेही एक निवडुंग आहे, हे मला वाकल्यावर कळलं.

जोलीन माझ्या पार्श्वभागातले काटे कंगव्याने उपटत होती, तेवढ्यात व्हॅनमधली बाई आली. साठीची, उन्हाने रापलेली, हातात कॉफीचा मग. नाव सांगितलं नेड्रा.

"चालू द्या तुमचं," ती म्हणाली. "फक्त विचारायला आले. ओढ्यातच मुक्काम करणार का?"

"कुठला ओढा?"

"तुम्ही उभे आहात तो. तिकडे डोंगरावर सकाळपासून पाऊस लागलाय. तासाभरात पाणी इथे असेल."

माझे उरलेले काटे तसेच राहिले. आम्ही सामान बाहेर काढून गाडी हलकी केली. ढकलायला तिघं हवीत, म्हणून स्टीअरिंगवर सासूबाई बसल्या.

"आई, आपल्याच चाकोरीतून सरळ मागे घ्या," मी बजावलं. "आणि काही झालं तरी थांबू नका. थांबलात की वाळू पुन्हा धरेल."

"कळलं रे. बटाट्याच्या शेतात वाढलेय मी," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघांनी जीव खाऊन रेटा दिला. गाडी हलली, सुटली, मागच्या मागे कच्च्या रस्त्यावर गेली. मी आनंदाने दोन्ही हात हलवले. सासूबाईंनीही हात हलवला, गाडी वळवली आणि निघून गेल्या.

"आई कुठे चालली?" जोलीन म्हणाली.

"थांबू नका म्हणालात ना तुम्ही," नेड्रा म्हणाली.

धूळ दिसेनाशी झाली आणि ओढ्याला वरून पाणी आलं. आधी काटक्या ढकलत बोटभर, मग बघता बघता गुडघाभर. तंबू आम्ही कसाबसा काठावर ओढला. खाण्याची पेटी मात्र संथपणे वळण घेत मेक्सिकोच्या दिशेने गेली. ऐंशी वर्षांची बाई, चाकांत अर्धी हवा, फोनला रेंज नाही. मी मनातल्या मनात पोलिसांना उत्तरं द्यायला लागलो होतो.

दोन तासांनी लाल गाडी डौलात आली आणि व्हॅनशेजारी, टणक जागेवर नीट उभी राहिली.

"वाळू कुठे संपते ते कळेना, म्हणून डांबरापर्यंत गेले," सासूबाई म्हणाल्या. "चाकं मऊ लागली, तेव्हा गावात पंपावर हवा भरून घेतली. तिथे पॅनकेक छान मिळतात."

"आम्हाला आणलेत?"

"गार होतात रे."

तंबू तिथेच ठोकला. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. ऊन उतरलं होतं आणि उतारभर फुलं पिवळीधमक दिसत होती. त्यांनी खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "ऑर्विलला भीती वाटायची, गाडी अडकेल म्हणून. अडकली असती तर काढली असती की मी."

जोलीनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नेड्राने आम्हाला घेवड्याच्या शेंगांचं गरम सूप दिलं. माझा वाडगा मी उभ्याउभ्याच संपवला.

"मॅव्हिस," नेड्रा म्हणाली, "पुढच्या महिन्यात मी यूटाला निघालेय. येतेस?"

"येते. व्हॅन मात्र मी चालवणार."

नेड्राने माझ्याकडे पाहिलं. आता घरचा कर्ता पुरुष म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी घसा खाकरून विचारलं, "आणखी थोडं सूप मिळेल का?"