मुनीमची अळणी बिस्किटं

अळणी स्वयंपाकात माझा हात धरणारी बाई मालेगावात शोधून सापडायची नाही! मोठ्याने बोलायची मला सवय नाही, पण लिहिताना एवढं तरी ठासून लिहिते. सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन, गुरुवारी अळणी, चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि कांदा-लसूण तर चातुर्मासात घराच्या उंबऱ्यालाही शिवत नाही. मीठ काढा, तेल काढा, मसाला काढा, उरलेल्यातून मी पंगत उठवते!

म्हणून धम्मरत्न डॉक्टरांनी मुनीमचं पथ्य सांगितलं तेव्हा मला हसूच आलं.

मुनीम म्हणजे आमचा कुत्रा. आमच्या ह्यांचं, म्हणजे उकंडरावांचं, बसस्टँडजवळ भुसार मालाचं दुकान आहे. हा लहानपणापासून गादीशेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोत्यांवर नजर ठेवायचा, म्हणून मुनीम. आता म्हातारा झाला. दात पडले, भुवया पिकल्या, आणि दिवसभर घराच्या ओट्यावर पेन्शनरासारखा बसून असतो. हल्ली ओट्याच्या पायऱ्या चढतानाही कण्हायला लागला, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. धम्मरत्न डॉक्टर आमच्याच आळीतले. त्यांनी त्याचे मागचे पाय दाबून पाहिले, पोट चाचपलं, आणि मान हलवली.

"काकू, सांधे धरले याचे. अन् वजन पाहा! हे वजन उतरलं नाही तर मागचे पाय कामातून जातील. मग उचलूनच ठेवावं लागेल."

"मंग काय द्याव जी?"

"दुकानातले बिस्किटाचे पुडे बंद. घरीच मऊ बिस्किटं भाजा. ज्वारीचं पीठ, उकडलेलं कोहळं, गाजर, थोडं जवस. मीठ नाही, साखर नाही, कांदा-लसूण नाही, मनुका तर अजिबात नाही. जमलं तर एक अंडं फोडा."

"अंडं? देवघराच्या भिंतीले लागून चूल हाय माही!"

"बरं, मग पनीर टाका," डॉक्टर हसले.

संस्कृतीने, म्हणजे आमच्या लेकीने, पुण्याहून एक ओव्हन पाठवला होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचे, पेटवला मात्र कधीच नव्हता. पापड ठेवायला फार सोयीचा! तो रिकामा केला, लेकीला फोन लावून बटणं समजून घेतली आणि वाटीने गोल गोल कापून पहिलं ताट भाजलं. काय खमंग वास सुटला म्हणता!

मुनीमने बिस्किट हुंगलं. व्यापारी ओल्या सोयाबीनकडे बघतो तसं त्याच्याकडे बघितलं. मग घरची माणसं दुखावू नयेत म्हणून खाल्लं. मी धन्य झाले. बाकीची बिस्किटं डब्यात भरून डबा देवघराखालच्या फळीवर ठेवला. तिथे मुंग्या येत नाहीत, आणि उकंडरावही येत नाहीत.

सकाळ-संध्याकाळ मी माझ्या हाताने मुनीमला बिस्किट द्यायचे. पण डबा बघावा तर अर्धा! मी पुन्हा भाजली. डबा पुन्हा अर्धा! मुनीम स्वतः काढून खात असेल म्हणावं, तर पायरी न चढणारा जीव फळीवर कसा चढेल?

पुढच्या आठवड्यात ह्यांनी त्याला दुकानाच्या काट्यावर उभं केलं. वजन वाढलेलं!

"काय व," उकंडराव म्हणाले, "बिस्किटात तूप तर नाई ना ओतत?"

"तुपाचा थेंब नाई!"

"मंग हा हवा खाऊन फुगून राह्यला काय?"

डॉक्टरांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोथीवर हात ठेवून खोटं बोलले. एवढं मऊ बोलणारी, नेमाची बाई मी, आणि माझ्यावर संशय!

मग मीही संशय घ्यायला लागले. बिस्किटं जातात कुठे, आणि मुनीम फुगतो कशाने? घरात काहीतरी शिजत होतं, आणि ते माझ्या चुलीवर शिजत नव्हतं.

पहिला संशय अर्थातच घरच्या धन्यावर. ह्यांना शुगर, म्हणून ह्यांचं गोड बंद. जेवण झालं की मी पदराने वारा घालायच्या निमित्ताने ह्यांच्या मिशांत भुगा दिसतो का ते बघायचे.

"काय पाहून राह्यली अशी? लगीन झाल्यावर पह्यल्यांदाच पाह्यलं का मले?"

दुसरा संशय शेजारच्या मनकर्णाबाईंवर. त्या सकाळी जास्वंद तोडायला येतात. येताना पदराखाली काहीतरी झाकलेलं असतं, जाताना पदर मोकळा असतो आणि तोंड हलत असतं. आता फुलं तोडायला तोंड कशाला हलवावं लागतं? तिसरा संशय भजनी मंडळाच्या बायांवर. नमस्कार करायला देवघरात एकेक जाते आणि ओठ पुसत बाहेर येते. देवाला नमस्कार करताना ओठाला काय चिकटतं?

सगळ्यात वाईट म्हणजे जपाला बसले की माझा एक डोळा मिटेचना! एका हातात माळ, एक डोळा देवाकडे आणि एक डब्याकडे. देवाला काय वाटत असेल!

त्यात गुरुवारी हे दुकानातून लवकर आले आणि दारातच थबकले.

"आज तुहा अळणी उपास ना? मंग घरात भट्टीचा वास काहून येऊन राह्यला?"

"मुनीमची बिस्किटं हायेत."

"मुनीमची!" ह्यांनी मुनीमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मुनीम फुगून राह्यला अन् डबा रिकामा होऊन राह्यला. अन् उपासाच्या दिवशी तुले बरोबर भाजाले सुचते. मी काई म्हणत नाई बाप्पा!"

म्हणजे मी! मी उपासाला चोरून कुत्र्याची बिस्किटं खाते! डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढवायचा नाही हाही माझा नेमच. त्याच वेळी ठरवलं, चोर पकडायचा, आणि एक शब्द न बोलता पकडायचा.

रविवारी मी बिस्किटांत बीट किसून घातलं. म्हाताऱ्या कुत्र्याला थोडं बीट चालतं, डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. शिवाय वरून बिटाचाच घट्ट रस लावला. जो खाईल त्याची जीभ अशी लाल होईल की चूळ भरून भरून नळ आटला तरी जायची नाही! मुनीमचं तेवढं साधं वेगळं भाजलं आणि डबा नेहमीच्या जागी ठेवला.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. माझं मौन!

सोमवारी दुपारी भजनी मंडळ आमच्याकडे जमतं. एकेक बाई आली, देवघरात गेली, ओठ पुसत बाहेर येऊन बसली. टाळ वाजले. मनकर्णाबाईंनी भजनाला तोंड उघडलं आणि मी बघतच राहिले. जीभ लाल! शेजारच्या केशरबाई, जीभ लाल! मागे बसलेली रूपा, तिची तर हनुवटीसुद्धा लाल! अख्खं भजनी मंडळ पानाच्या ठेल्यावरून उठून आल्यासारखं! तेवढ्यात चहा मागायला उकंडराव आत आले.

"काय व, चाय..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. मिशीखाली लालभडक!

मी उठले. तोंडाने बोलता येईना. मी डब्याकडे बोट दाखवलं, ह्यांच्या जिभेकडे दाखवलं, मग ओट्यावरच्या मुनीमकडे दाखवलं. पुन्हा डबा, जीभ, कुत्रा!

बाया टाळ थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या.

"काय म्हणून राह्यल्या व वैनी?" रूपाने विचारलं.

"समजलं मले!" मनकर्णाबाई उठल्या. "परसाद आपण खाल्ला, अन् कुत्र्याचा घास राह्यला! चला व बायांनो!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत प्रत्येकीने पिशवीतून एकेक पुडी काढली. पुडीत पोळी. पोळीवर तूप. तुपावर गूळ! सगळ्या ओट्यावर गेल्या, मुनीमच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि एकेक पोळी त्याच्या पुढ्यात ठेवली. मुनीमने शेपटी हलवत, दात नसलेल्या तोंडाने, लग्नातल्या पाहुण्यासारख्या त्या गिळल्या! एकही हुंगली नाही!

मी दोन्ही हात हलवून "नको नको" केलं.

"आणखी द्या म्हणून राह्यल्या," केशरबाई म्हणाल्या. आणि दिल्या!

दिवेलागण व्हायला इतका वेळ माझ्या आयुष्यात कधी लागला नव्हता. मी बायांना हाताला धरधरून बसवून ठेवलं. समई लावली, हात जोडले आणि माझ्याने जमेल तेवढ्या मोठ्याने बोलले. म्हणजे पहिल्या रांगेला ऐकू गेलं.

"बायांनो, तो परसाद नाई. ती मुनीमची बिस्किटं हायेत. कुत्र्याची!"

रूपाने तोंडावर पदर धरला.

"अवो वैनी, डबा देवघराखाली!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमचं मौन असलं का आमी आपल्या हातानं परसाद घेतो, ही तं तुमच्या घरची रीतच हाय. त्यात मीठ नाई, साखर नाई, कांदा नाई. आमाले वाटलं, वैनीनं नवीन नेम धरला अन् सांगून नाई राह्यल्या. परसादाची चव काय इचारा लागते?"

"अन् तुमी?" मी ह्यांच्याकडे वळले. "तुमी तं देवघरात पाय ठेवत नाई!"

उकंडरावांनी आधी मिशी पुसली, मग आवाज चढवला. चोर असला की आवाज चढतोच. "मले शुगर हाय ना? त्यात साखर हाय का? नाई! इतके वर्सं झाले, माह्यासाठी बिगरसाखरेचं काई सुचलं नाई तुले. कुत्र्यासाठी सुचलं!"

बाया पदराआड हसायला लागल्या. मी विषय बदलला.

"ते जाऊ द्या. पण ह्या पोळ्या? याचे पाय जाऊन राह्यले व! डॉक्टरनं वजन उतरवाले सांगितलं, अन् तुमी रोज त्याले तूप-गूळ घालता?"

मनकर्णाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमीच तं सांगतलं!"

"मी?"

"आखाडी एकादशीले! चातुर्मासात कोणता नेम धराव म्हणून इचारलं आमी. तुमी म्हणल्या, सोपा अन् पुण्याचा नेम, रोज एका कुत्र्याले तुपाची पोळी घालत जा, दत्तमहाराज संग कुत्रे घेऊनच फिरतात. आता गावातले कुत्रे चावतात. हा एकटाच गरीब हाय अन् त्याले दात बी नाई!"

बोललेच होते मी. म्हणजे गावाला पुण्य वाटता वाटता मीच माझ्या कुत्र्याचे पाय मोडायला निघाले होते!

"मंग आता बंद करा," मी म्हणाले.

एकसाथ सगळ्यांनी कानांना हात लावले. "संकल्प सोडाले सांगता? कार्तिकाच्या आधी? पाप लागते! हे बी तुमीच सांगतलं!"

इकडे संकल्प, तिकडे मुनीमचे पाय. मी समईकडे बघत बसले. मुनीम आत येऊन माझ्या पायाशी बसायला गेला आणि मागचे पाय दुमडताना त्याने जो आवाज काढला, त्याने माझं काळीज हललं. आणि तिथेच सुचलं.

"देवाले आपण निवद दाखवतो," मी हळूच म्हणाले, "देव काय ताट चाटून पुसून खाते का?"

"नाई."

"नजरेनंच घेते ना? मंग मुनीमले बी दाखवायचा. नाकाशी न्यायची पोळी, पाणी फिरवायचं, झाला नेम! खायाले त्याले त्याचं बिस्किट."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. मनकर्णाबाईंनी मान डोलावली. "शास्त्रात बसते. पण मंग निवदाच्या पोळ्यांचं काय?"

"ठेवा इथंच. पाहू."

हे "पाहू" म्हणताना मी एक हिशेब केला नव्हता. मुनीमला दाखवलेली पोळी म्हणजे दत्ताच्या कुत्र्याचा प्रसाद. प्रसाद टाकायचा नाही, हा माझा नेम. ह्यांना गूळ चालत नाही. बाया आपला नैवेद्य परत नेत नाहीत. मग तो कुणी खायचा? रोज सकाळी मुनीमच्या नाकाला लागून एकेक पोळी माझ्या ताटात यायला लागली. तुपाची. गुळाची. मुनीम आशेने माझ्या घासाकडे बघायचा आणि मी त्याला बिस्किट द्यायचे.

मुनीमचं वजन उतरलं. खरंच उतरलं! दिवाळीच्या आधी तो कुणी न उचलता ओट्याची पायरी चढला आणि वर जाऊन त्याने आमच्याकडे असं बघितलं की जणू त्यानेच ती बांधली होती. दुकानात नेऊन ह्यांनी त्याला काट्यावर घेतलं आणि डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. "काकू, कमाल केली! पाय वाचले याचे."

मला इतका आनंद झाला की बसल्या जागेवरून उठायला गेले. गुडघा असा वाजला की दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"काट्यावर चढ व जरा," उकंडराव म्हणाले.

"माहा उपास हाय."

"काट्याले उपास समजत नाई!"

चढले. ह्यांनी आकडा वाचला. तोही सोयाबीनच्या पोत्याचा वाचतात त्याच आवाजात, भर दुकानात! धम्मरत्न डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि मुनीमला सांगितलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, मला सांगितलं. सांधे धरलेत. तूप-गूळ बंद. मीठ कमी. कोहळं, गाजर, जवस.

तर सध्या मी एकाच पिठाची दोन ताटं भाजते, एक त्याचं, एक माझं. पोळ्यांचा प्रश्न धम्मरत्न डॉक्टरांच्या गोठ्यातल्या गाईने सोडवला, तिला प्रसाद चालतो. डबा मात्र एकच आहे. मुनीम आता ओट्यावर बसत नाही. दिवसभर देवघराखालच्या फळीला पाठ लावून बसतो, आणि मी जपाला बसले की एक डोळा मिटतो आणि एक माझ्यावर ठेवतो.